बिनआवाजाचा सिनेमा

बुधवारी सकाळी साडेआठ वाजता माझे यजमान गेले. शनिवारी चाळीत सिनेमा होता. शुक्रवारी संध्याकाळी मंडळाचे सेक्रेटरी आमच्या दारात आले आणि सिनेमा लावायचा की नाही, हे त्यांनी मला विचारलं. मी लावा म्हटलं.

माझी मुलगी तेव्हा माझ्या शेजारी बसली होती. ती आमची एकुलती एक. त्या दिवसापासून पुढच्या आठवड्याभरात तिचं माझं काय तुटलं, ते क्रमाने लिहून काढावं असं वर्षभर मनात होतं. लिहून ते सांधेल असं नाही. पण मी शाळेच्या ग्रंथालयात नोकरी केलेली बाई आहे; गोष्ट जागेवर लावल्याशिवाय मला चैन पडत नाही.

आधी त्या सिनेमाबद्दल सांगायला हवं. लालबागच्या आमच्या चाळीत गणपतीतल्या एका शनिवारी अंगणात पडदा बांधून सिनेमा दाखवायची पद्धत आहे. पूर्वी दरवर्षी वेगळा असायचा. मग एका वर्षी हा भुताचा विनोदी सिनेमा लागला, पुढच्या वर्षी लोकांनी तोच पुन्हा मागितला, आणि त्यानंतर दुसरा कुठला लागलाच नाही. मी लग्न होऊन आले तेव्हाही तोच होता. चाळीत त्याला त्याच्या नावाने कुणी ओळखत नाही. ‘अर्धी दाढी’ म्हणतात.

गिरगावातल्या एका कचेरीतला म्हातारा हेडक्लार्क सकाळी दाढी करता करता मरतो. एक गाल झालेला, दुसऱ्यावर फेस तसाच. मेल्यावर तो घरातच राहतो, आणि दिसतो फक्त पुतण्याच्या नव्या बायकोला. ती घाबरते, पण फार वेळ नाही, कारण हे भूत गळा दाबत नाही, कटकट करतं. पंखा बंद का नाही केला. आमटीत गूळ कुणी टाकला. माझ्या खुंटीवर टॉवेल कुणाचा. तिने उलट विचारलं की त्याचं एकच उत्तर ठरलेलं: ‘मला काय धाड भरलीये? मी मेलोय.’ शेवटी ती एका न्हाव्याला पटवून आणते. न्हावी बिचारा रिकाम्या खुर्चीवर वस्तरा फिरवतो. म्हातारा आरशात बघतो, गाल चोळतो आणि जातो. एवढीच गोष्ट.

पडदा अंगणाच्या मधोमध बांधत. आमची खोली पहिल्या मजल्यावर, पडद्याच्या पाठीमागच्या बाजूला. त्यामुळे मी आणि आमच्या बाजूची सगळी बिऱ्हाडं तो सिनेमा कायम उलटा पाहत आलो. आमच्यासाठी म्हातारा डावखुरा होता. नाव येताना अक्षरं उलटी यायची. आमच्याकडे कुणी वाचत नव्हतं, पाठ होतं. लग्नानंतर पहिल्याच वर्षी माझं आणि ह्यांचं भांडण झालं ते फेस कुठल्या गालावर यावरून. मी म्हणत होते उजव्या, हे म्हणत होते डाव्या. ते खाली मशीनपाशी उभे असायचे, म्हणजे समोरून बघायचे. पुढे एकदा टीव्हीवर लागला तेव्हा माझी चूक मला कळली. पण खरा गाल मला अजूनही खोटा वाटतो.

यजमान हिंदमाताला साडीच्या दुकानात सेल्समन होते. पडद्यासाठी मांजरपाट तेच आणायचे, तेच बांधायचे, आणि सिनेमातली वाक्यं वर्षभर दुकानात वापरायचे. एखादी बाई चाळीस साड्या उघडायला लावून संकोचली की म्हणायचे, ‘बघा हो ताई, मला काय धाड भरलीये.’ पुढचे दोन शब्द म्हणायचे नाहीत. गिऱ्हाइकं ते आपणहून म्हणायची आणि हसायची.

मुलगी डोंबिवलीला राहते, विम्याच्या कंपनीत आहे. मंगळवारी रात्री जेवणं झाल्यावर ह्यांनी तिला फोन केला. मी भांडी विसळत ऐकत होते.

‘सिनेमाला येतेस ना? त्या आधी एक दिवस ये. उद्याच ये.’

पलीकडून ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. हे म्हणाले, ‘बरं बाई, शनिवारी तर शनिवारी. मला काय धाड भरलीये,’ आणि हसून फोन ठेवला.

मला ते तेव्हा लक्षात राहावं असं वाटलं नव्हतं. सकाळी चहा घेतला, छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, ‘जरा पंखा वाढव.’ शेजारच्यांनी खुर्चीवर बसवून खाली नेलं. डॉक्टर म्हणाले, वाटेतच संपलं होतं.

दुपारी त्यांना घरी आणलं. मुलगी आली तेव्हा ते जमिनीवर, चटईवर होते. ती गुडघ्यांवर बसली, गालावर हात ठेवला आणि एकदम माझ्याकडे बघून म्हणाली, ‘बाबांची दाढी कुणी केली नाही?’ दोन दिवसांची वाढली होती. खोलीत पंधरा-वीस माणसं असतील. सगळ्यांनी खाली बघितलं. त्या क्षणी प्रत्येकाला काय आठवलं, ते मला ठाऊक आहे. दाढी केली नाही. ह्यांच्या पुतण्याने अग्नी दिला.

आमच्या सासरची रीत अशी, की माणूस जिथे ठेवला होता तिथे दिवा लावायचा, शेजारी ताटात तांदळाचं पीठ पसरायचं आणि त्यावर टोपली पालथी घालायची. दहाव्या दिवशी टोपली उचलायची. पिठावर जो ठसा दिसेल, त्यावरून गेलेला माणूस कुठल्या जन्माला गेला ते समजायचं. माझा यावर विश्वास नाही, आणि ह्यांचाही नव्हता. पण मुलीने स्वतः पीठ चाळलं, ताटात ओतलं, वाटीच्या बुडाने एकसारखं केलं. तिला इतकं मन लावून काही करताना मी तिच्या दहावीनंतर पाहिलं नव्हतं. त्या ताटाजवळच ती झोपायची. वडिलांनी ये म्हटलं होतं आणि ती आली नव्हती; आता ते काही सांगणार असतील तर इथेच सांगतील, असं तिचं झालं होतं. हे मला तेव्हाही कळत होतं. म्हणून पुढे जे घडलं त्याला, माहीत नव्हतं, ही सबब मला देता येत नाही.

शुक्रवारी सेक्रेटरी आले, ते दाराबाहेरच उभे राहिले.

‘वहिनी, स्पीकर आपण बुधवारपासून बंदच ठेवलेत. आरतीपण हळूच म्हणतोय. उद्याचा सिनेमा कॅन्सल करतो. विचारायचं म्हणून आलो.’

मी म्हटलं, ‘भाऊजी, लावा.’

‘आई!’ मुलगी म्हणाली.

‘त्यांनी कापड आणून ठेवलंय,’ मी म्हटलं. ‘पोरं वाट बघतायत.’

‘कुठली पोरं? कुणाची पोरं? तीन दिवस नाही झाले आई.’

सेक्रेटरी चपलेच्या अंगठ्याशी चाळा करत होते. शेवटी म्हणाले, ‘असं करू का, आवाज नको. नुसता लावतो. सगळ्यांना तोंडपाठ तर आहे. कुणाला हसू येणार नाही, मी सांगून ठेवतो.’

‘हसू येणार नाही असं तुम्ही सांगणार?’ मुलीने विचारलं.

‘सांगेन ना. मंडळातर्फे सांगेन,’ ते अगदी मनापासून म्हणाले.

पोरं वाट बघतायत, हे मी म्हटलं ते खरं नव्हतं. मला तो सिनेमा बघायचा होता. तीन दिवस मी खोलीच्या कोपऱ्यात बसून होते, येणारी प्रत्येक बाई माझ्या गळ्यात पडून तेच विचारत होती आणि मी तेच सांगत होते. मला दोन तास असं काहीतरी हवं होतं, ज्यात पुढे काय होणार हे मला आधीच ठाऊक आहे. मी हे मुलीला सांगायला हवं होतं. मी पोरांचं नाव पुढे केलं.

शनिवारी सकाळी शेजारची काकी भाकऱ्या घेऊन आली आणि मुलीला म्हणाली, ‘पोरी, लग्न झालेल्या लेकीला तीनच दिवसांचं सुतक. तुझं फिटलं. घरी जाऊन ये, पोरगा वाट बघत असेल.’

‘तीन दिवसांत बाप फिटतो का, काकी?’

‘तसं नाही गं बाय. रीत सांगितली.’

‘मग दहाव्याचीपण रीत आहे. ती करून जाईन.’

संध्याकाळी साडेसातला अंगणातले दिवे मालवले आणि पडद्यावर उलटी अक्षरं आली. मी दाराच्या आत, उंबरठ्यापाशी बसले होते. मुलगी पडद्याकडे पाठ करून ताटाशी. अंगण भरलेलं होतं, गॅलऱ्या भरलेल्या होत्या, आणि इतकी माणसं असून मला फक्त मशीनच्या पंख्याची घरघर ऐकू येत होती. म्हातारा मेला. सून किंचाळली, तोंड उघडलं, आवाज नाही. माणसांचे ओठ हलत होते. समोरच्या गॅलरीत एका बाईने हसू येऊ नये म्हणून पदराचा बोळा तोंडात धरला होता. सगळी चाळ माझ्यासाठी शिस्तीत बसली होती. इतका दुःखद सिनेमा मी कधी पाहिला नाही. आवाज काढून घेतला की तो म्हातारा नुसता एका खोलीत उभा असतो, बोलत असतो, आणि कुणी वळून बघत नाही.

मग तो प्रसंग आला. सिनेमातही म्हाताऱ्यासाठी पीठ पसरतात. ते येणार हे मला ठाऊक होतं. इतकी वर्षं पाहिलेला सिनेमा. तरी सेक्रेटरींशी बोलताना, किंवा मुलगी वाटीने पीठ एकसारखं करत असताना, मला ते एकदाही आठवलं नव्हतं. चाळीतल्या कुणालाच आठवलं नसावं.

म्हातारा येतो, पीठ बघतो. त्याच्या आईने, घरातल्या आजीबाईंनी, मेहनतीने पसरलंय, मोडायला नको, म्हणून धोतर वर धरून चवड्यांवर चालत ताटाला वळसा घालतो. आणि अगदी पलीकडे पोचताना त्याला शिंक येते. सगळं पीठ उडतं. सकाळी घरचे येऊन बघतात तर ताटात हा एवढा खड्डा. आजीबाई चष्मा लावतात, वाकतात, आणि जाहीर करतात: ‘हत्ती झाला गं माझा!’

पडद्यावर आजीबाईंचं तोंड हललं. चाळ गप्प. आणि दुसऱ्या मजल्यावरच्या, दोन्ही कानांनी ठार बहिऱ्या असलेल्या म्हातारीने, दरवर्षी म्हणते तसंच, सबंध अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, ‘हत्ती झाला गं माझा!’

तिला कुणी सांगूनही कळलं नव्हतं. तिच्यासाठी हा सिनेमा कित्येक वर्षं बिनआवाजाचाच होता.

आधी एक जण फुसकन हसला. मग सगळी चाळ फुटली. आणि मी हसले. तोंडावर पदर धरून नाही. पोट धरून, मोठ्याने, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. थांबावं असं मला वाटलंच नाही. दोन-तीन मिनिटं तरी मी हसत असेन. बाकीचे गप्प झाल्यावरही मी हसत होते.

वळून बघितलं तर मुलगी माझ्याकडे बघत होती. दिव्याचा उजेड तिच्या हनुवटीवर होता.

‘हसलीस तू,’ ती म्हणाली.

‘अगं, त्या म्हातारीने...’

‘याला हसलीस.’ तिने टोपलीवर हात ठेवला.

‘याला नाही.’

‘मग कशाला?’

ते तिने म्हटल्यासारखंच होतं आणि नव्हतंही. ती उठली आणि तिने दार लावलं. चाळीत दिवसाउजेडी किंवा संध्याकाळी दार लावत नाहीत. तो आवाज खाली गेला असणार. थोड्या वेळाने सेक्रेटरींचा आवाज आला, ‘बंद कर, बंद कर रे.’ खुर्च्या उचलल्याचे आवाज आले. न्हावी त्या वर्षी आलाच नाही.

पुढचे दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. पाणी भरलंय. काका आलेत. मी दोनदा बोलायचा प्रयत्न केला. दुसऱ्यांदा ती म्हणाली, ‘आई, तुला सगळ्यात गंमत दिसते. बाबा होते म्हणून मला ते चाललं.’ हे तिने लहानपणापासून साठवलेलं होतं की त्याच दिवशी सुचलं, हे मी विचारलं नाही.

दहाव्या दिवशी बाकीचे विधींना घाटावर गेले होते ते परत आल्यावर टोपली उचलायची वेळ झाली. काकी होती, पुतण्या होता, ह्यांची चुलतबहीण होती. मुलीने स्वतः टोपली उचलली. पिठावर ठसे होते. बारीक, दोन्ही बाजूंना, मधून एक ओढल्यासारखी रेघ. ताटाच्या एका कडेवरून दुसऱ्या कडेपर्यंत.

‘पाखराचं आहे,’ चुलतबहीण म्हणाली. ‘बघ, नख्या बघ.’

‘तुळशीची मंजिरी दिसते मला तर,’ काकी म्हणाली.

मुलगी खूप वेळ बघत राहिली आणि मग तिने माझ्याकडे पाहिलं. त्या सात दिवसांत ती पहिल्यांदा सरळ माझ्या डोळ्यांत बघत होती.

‘तू सांग, आई. चष्मा लाव आणि सांग.’

मी चष्मा लावला. वाकले. ग्रंथालयात माझी तीस वर्षं कपाटांमागे असले ठसे पुसण्यात गेली आहेत.

मी म्हटलं, ‘झुरळ आहे.’

का म्हटलं, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. पाखरू म्हणणं अवघड नव्हतं. पण मला वाटलं, शनिवारच्या हसण्यानंतर मी पाखरू म्हटलं तर तिला ती थट्टा वाटेल, किंवा तोंडदेखलं. ती मला पुन्हा विश्वास ठेवायची एक संधी देते आहे, तर खरंच सांगावं. खरं सांगितलं की आपलं म्हणणं ऐकतात, असा माझा समज होता. पुस्तकांमध्ये आयुष्य काढलेल्या माणसांचा तो असतो. तिला माझ्याकडून खरं नको होतं. मी तिच्या बाजूला बसावं आणि जे तिला दिसतंय ते मलाही दिसतंय असं म्हणावं, एवढंच तिला हवं होतं.

‘बरं,’ ती म्हणाली. तिने ते पीठ एका पिशवीत भरलं. तेराव्याचं जेवण झालं, भांडी घासून पालथी घातली आणि ती निघाली. जिन्यात काकी तिला म्हणाली, ‘येत जा गं आईकडे.’ ती हो म्हणाली. ते मी वरून ऐकलं.

या वर्षी मंडळाने सिनेमा लावला, आवाजासकट. सेक्रेटरी पुन्हा विचारायला आले होते. मी म्हटलं, ‘भाऊजी, आता माझं काय विचारता.’ कापड मंडळाने दुसऱ्या दुकानातून आणलं, जरा पातळ निघालं, त्यामुळे पाठीमागून नेहमीपेक्षा स्वच्छ दिसत होतं.

हा सिनेमा इतकी वर्षं का टिकला, याचा विचार मी तेव्हा केला. विनोद काही फार थोर नाहीत. शिंकेचा विनोद कुठल्याही नाटक मंडळीत सापडेल. यजमान म्हणायचे, त्या नटाचा चेहरा आहे म्हणून. मला तेव्हा वाटायचं, भूत आपल्याएवढंच आहे म्हणून. दहा बाय बाराच्या खोलीत मावणारं, खुंटीवरून भांडणारं. तेही खरं असेल. पण यंदा पिठाचा प्रसंग आला तेव्हा मी म्हाताऱ्याकडे बघितलं नाही, आजीबाईंकडे बघितलं. हत्ती झाला म्हटल्यावर सगळं घर गडबडा लोळतं, अंगणातही तेच होतं, आणि त्या गोंधळात त्यांचा चेहरा दोन क्षण पडद्यावर राहतो. त्या हसत नाहीत. त्या खूश आहेत. त्यांना उत्तर मिळालेलं आहे, आणि घरातलं कुणीही, अगदी ज्याला सगळं ठाऊक आहे तो मेलेला म्हातारासुद्धा, त्यांना नाही म्हणत नाही. तो कोपऱ्यात उभा राहून नाक पुसतो आणि मान डोलावतो.

इतकी वर्षं ते माझ्या नजरेतून सुटलं होतं. हा सिनेमा लोक पुन्हा पुन्हा बघतात, कारण त्यात मेलेल्याचं काय झालं ते कळतं. तो कुठे उभा आहे ते दिसतं. त्याला काय हवंय ते समजतं, आणि ते देता येतं. खरं तर यातलं काहीच होत नाही. वर्षभर मी या खोलीत एकटी राहते आहे. टॉवेल मी त्यांच्याच खुंटीवर टाकते. कुणी ओरडत नाही.

दुसऱ्या दिवशी मी मुलीला फोन केला.

‘काल सिनेमा झाला,’ मी म्हटलं.

‘आवाज होता?’

‘होता.’

मागे तिच्या मुलाच्या क्लासचा काहीतरी गोंधळ चालला होता. मी म्हटलं, ‘त्या दिवशी मी झुरळ म्हणायला नको होतं.’

‘झुरळच होतं, आई,’ ती म्हणाली. ‘मलापण दिसलं होतं.’

‘मग?’

‘मग काही नाही. ठेवू का? याला सोडायचंय.’

आता ती महिन्यातून एका रविवारी फोन करते. गोळ्या घेतल्या का, पाणी वेळेवर येतं का, विचारते. मी सांगते. दिवाळीला ती आली नाही, वर्षश्राद्धाला आली आणि जेवून गेली. बाबांचा विषय ती काढत नाही, मीही काढत नाही. फोन चार-पाच मिनिटं चालतो.